लोकोरोको कुणी खेळलंय का? (पीएसपीवरचा तो गाणारा पिवळा गोळा)

खोडकर_मुंगूस

मंडळी, परवा आमचे चिरंजीव (इयत्ता तिसरी) मित्राकडे अॅस्ट्रो बॉट (प्लेस्टेशनवरचा गेम) खेळून आले आणि घरात शिरल्या शिरल्या कसलंतरी अगम्य गाणं म्हणत सोफ्यावर लोळायला लागले. विचारलं हे काय, तर म्हणे एका लेव्हलमध्ये पिवळे गोल गोल होते आणि ते असं गात होते. माझी ट्यूब पेटली. अरे हे तर लोकोरोको! २००६ चा पीएसपीवरचा (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) गेम, मी नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवाळीत पीएसपी घेतला होता तेव्हा एवढा एकच गेम असा होता की जो मी बायकोसमोर (तेव्हा व्हायची होती) खेळू शकायचो.

मग काय, शिडी लावून माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. पीएसपी ३००० निघालं, यूएमडी (गेमची छोटी डिस्क) निघाली, चार्जर निघाला. बॅटरी मात्र पुरीसारखी टम्म फुगलेली, मागचं झाकण तिनेच उघडून ठेवलं होतं. ती काढली आणि थेट चार्जर लावून चालू केलं तर चाललं की राव! फक्त बॅटरी नसल्यामुळे दर वेळी चालू केलं की तारीख आणि वेळ विचारतं, त्यामुळे आमच्या घरात सध्या रोज संध्याकाळी नवीन युग सुरू होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकोरोको म्हणजे रंगीत थेंबासारखे लिबलिबीत प्राणी. कुठल्यातरी दूरच्या ग्रहावर सुखाने गात असतात, तिथे मोजा नावाची काळी केसाळ टोळी येते आणि यांना गिळायला लागते. तुम्ही लोकोरोको नाही, तुम्ही तो ग्रह आहात. एल दाबलं की जमीन डावीकडे कलते, आर दाबलं की उजवीकडे, दोन्ही दाबून धरून सोडलं की उडी. गोल बटण दाबलं की मोठ्या गोळ्याचे छोटे छोटे तुकडे आणि दाबून धरलं की परत एक. संपलं. बाकीची बटणं शोभेला.

तर दोन प्रश्न. एक, तुमची मतं काय, मला आठवतोय तेवढा तो भारी आहे की हा नुसता आठवणींचा गोडवा? दोन, पहिल्याच जगातल्या एका स्टेजमध्ये मुईमुई (लपून बसलेले छोटे जीव, स्टेजला तीन) २/३ वर अडकलोय, तिसरा कुठे लपतो हे काही केल्या सापडेना, पोरासमोर इज्जत जातेय.

चिन्मयी_के

अय्या लोकोरोको!! मुंगूसदादा तुम्ही तर डायरेक्ट कॉलेजच्या होस्टेलवर नेऊन सोडलंत. आमच्या रूमवर एकीजवळ पीएसपी होतं आणि पाच जणी, नंबर लावून खेळायचो. गंमत म्हणजे जी खेळायची तिच्यापेक्षा बघणाऱ्याच जास्त वाकड्या व्हायच्या, सगळ्या पलंगावर एका बाजूला कलून बसलेल्या, वॉर्डनला वाटलं असेल योगासनं चाललीत.

सविस्तर लिहिते रात्री, आत्ता कुकर लावलाय.

अण्णा_अकलूजकर

मत विचारलंय म्हणून देतो, नंतर धरून मारू नका. ओव्हररेटेड. दोन बटणांचा खेळ. मी सलग दोन दिवस बसलो, पाच जगं, चाळीस स्टेज, संपला. त्याच मशीनवर त्या काळात लिबर्टी सिटी स्टोरीज होता, पुढे २००८ मध्ये गॉड ऑफ वॉरचा चेन्स ऑफ ऑलिंपस आला, तेवढ्याच पैशात. पहिल्या स्टेजला जे करता तेच चाळिसाव्या स्टेजला करता. कलवा, उडवा, कलवा. गाणी गोड आहेत मान्य, पण मी गेम घेतला होता, पाळणा नाही.

खोडकर_मुंगूस

अण्णा आले म्हणजे धागा चालणार, आता काळजी नाही.

रात्रपाळी

ह्या गेमबद्दल माझ्याकडे एक किस्सा आहे तो सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही. माझं पीएसपी सेकंडहँड होतं, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं, घेताना त्या माणसाने एक रेसिंगचा गेम लावून दाखवला, सगळं मस्त. घरी येऊन लोकोरोको लावला तर एल बटण लागेच ना. रेसिंगमध्ये एल कोण दाबतंय, त्यामुळे दुकानात कळलंच नाही. आता बघा, अख्ख्या गेमला बटणं दोन आणि त्यातलं एक मेलेलं. माझा लोकोरोको फक्त उजवीकडे घरंगळायचा. डावीकडे यायचंय? नाही. उडी मारायचीय? नाही, कारण उडीला दोन्ही लागतात. मी तीन दिवस, खरंच सांगतो तीन दिवस, नुसत्या आरवर खेळलो. उतार असेल तिथे सुसाट, खड्डा आला की गोळा त्यात बसून माझ्याकडे बघत राहायचा. शेवटी पीएसपीला वरून अंगठ्याने असं एका विशिष्ट कोनात पिरगाळलं की एल लागतं असा शोध लागला, आणि तेव्हा पहिली उडी मारली त्याचा आनंद, काय सांगू, लग्नात पण एवढा झाला नव्हता (बायको इथे वाचत नाही).

पण त्या तीन दिवसांत मला तो गेम कळला असं वाटतं. म्हणजे तुम्ही ढकलत नाही हे कळलं. वेग उताराचा असतो, तुम्ही फक्त उतार देता. बटण सोडायचं कधी हे महत्त्वाचं, दाबायचं कधी हे नाही.

टेक_तात्या

> बटण सोडायचं कधी हे महत्त्वाचं, दाबायचं कधी हे नाही

मोदक (म्हणजे अनुमोदन). अख्ख्या गेमचं सार ह्या वाक्यात आहे रात्रपाळी. अण्णा, तुम्ही आर दाबून धरून खेळला असणार म्हणून कंटाळा आला.

अण्णा_अकलूजकर

तात्या मी कसा खेळलो ते तुम्ही माझ्या खांद्यावर बसून बघत होतात का

जपानी_झुणका

मी सध्या जपानमध्ये, सहा वर्षं झाली. दोन पैसे माझे.

नावाबद्दल माझा अंदाज असा की जपानीत गोल वस्तू घरंगळते त्या आवाजाला कोरोकोरो म्हणतात, आपलं गडगड किंवा गडगडत जाणं म्हणतो ना तसं. ते मध्येच तोडून वाचलं की रोको लोको कानावर पडायला लागतं. जपानीत र आणि ल मध्ये तसाही फरक नाही. एकदा हे डोक्यात बसलं की त्या नावाकडे दुसऱ्या कानाने ऐकताच येत नाही.

गाण्यांबद्दल म्हणाल तर ती जपानी नाहीत. अनेकांचा हा गैरसमज असतो. ती भाषाच बनवलेली आहे, शब्दांना अर्थ नाही, नुसते तोंडात गोड लागणारे आवाज. मी इथल्या एका सहकाऱ्याला ऐकवलं तर तो पण माझ्यासारखाच हसत मान हलवत बसला. म्हणजे पुण्यातला पोरगा आणि ओसाकातला माणूस दोघांना सारखंच काही कळत नाही, आणि दोघांनाही सारखंच आवडतं. बडबडगीतात काय वेगळं असतं? आपण लहानपणी जे म्हणायचो त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ अजून कुठे माहितीय.

हा गेम ज्यांनी केला ते त्सुतोमू कोनो, आधी इको ह्या गेमच्या टीममध्ये होते. इको खेळला असेल तर गंमत वाटेल, तो किती शांत, करडा, एकटा गेम, आणि त्यातला माणूस बाहेर येऊन हे पिवळे गोळे करतो. ट्रेनमधून जाता येता हातातल्या पीडीएवर (खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर) त्यांनी ह्या गोळ्यांची पहिली चित्रं काढली होती. इथल्या लोकलमध्ये रोज चेपून जाताना मला ते फार पटतं, गर्दीत आपणही असेच एकमेकांना चिकटून एक मोठा गोळा होतो आणि स्टेशन आलं की फुटतो.

विदर्भ_एक्सप्रेस

झुणकाभाऊ शेवटची ओळ भारी आहे बे

मराठवाडी_गडी

मला एक सांगा त्यात एका लोकोरोकोचं नाव तुपले आहे का नाही? आमच्याकडं तुपलं म्हंजी तुझं. माजं तुपलं करू नको म्हंत्यात. मी आन माजा भाऊ खेळायचो तर तो म्हणायचा तुपलं घे, मी म्हणायचो तुपलंच घेतलंय की, आन मंग भांडणं. आईला वाटायचं दोघं वाटणीवरून भांडायलेत.

आन तो पिवळा कुलचे. छोल्यासंगं.

चिन्मयी_के

हाहाहा तुपले!! आता मला तो लाल दिसला की मराठवाडा दिसणार.

हां तर आता निवांत लिहिते. होस्टेलनंतर आठ दहा वर्षं मी हा गेम विसरले होते. २०१७ मध्ये पीएस४ वर रीमास्टर (तोच गेम, नव्याने घासूनपुसून) आला तेव्हा नवऱ्याने सेलमध्ये घेतला, मुलीसाठी म्हणून. मुलगी तेव्हा चारची, तिला गाणी आवडली, पण खेळायला धीर नाही. खरी अडकली ती माझी आई. आईचं वय तेव्हा ६५, आयुष्यात मोबाईलवर पत्ते सोडून काही खेळलेली नाही. ती स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि म्हणायची "काय बाई ती गोंडस भुतं". एक दिवस मुलगी झोपल्यावर कंट्रोलर तिच्या हातात दिला. पीएस४ वर कंट्रोलरच कलवून पण खेळता येतं, तर आई कंट्रोलर सुपासारखा धरून बसली. खरंच, दोन्ही हातात सूप, पाखडायला बसल्यासारखी. आणि तिला पहिल्या मिनिटात जमलं! मला पटकन कळलं नाही कसं, मग लक्षात आलं की अहो ही बाई पन्नास वर्षं सुपात दाणे एका कोपऱ्यात आणि खडे दुसऱ्या कोपऱ्यात नेत आलीये. हलका झटका दिला की दाणे उडतात आणि परत तिथेच पडतात. लोकोरोको म्हणजे तेच.

आम्ही कुठलेही दुसरे प्लॅटफॉर्म गेम तिला दिले तर तिला "हा माणूस कोण आणि मी याला का चालवू" हा प्रश्न पडतो. इथे तो प्रश्न नाही. जमीन हलवायची, बाकी ती पोरं आपली आपण बघतात.

खोडकर_मुंगूस

सुपासारखा धरून. चिन्मयी हे वाचून मी ऑफिसात एकटाच हसतोय.

नवखा_नितीन

हे सगळं नोकियातल्या बाउन्ससारखंच वाटतंय मला, तो लाल चेंडू, रिंगमधून जायचा. त्यात एवढं काय विशेष?

टेक_तात्या

नितीन, प्रश्न चांगला आहे, भारतात निम्म्या लोकांना हाच पडतो कारण आपण सगळे बाउन्सवर वाढलो. आधी क्रम सांगतो. जुना बाउन्स आधीचा, लोकोरोको २००६, आणि तुला जो टेकड्याबिकड्यांचा रंगीत आठवत असेल तो बाउन्स टेल्स २००८ चा, तो अँग्री बर्ड्सवाल्या रोव्हिओने नोकियासाठी केला होता.

फरक असा की बाउन्समध्ये तू चेंडूला ढकलतोस. उजवी की दाबली की चेंडू उजवीकडे, मग चढ असो की उतार. चेंडू कडक, एकच. लोकोरोकोमध्ये तू चेंडूला हातच लावू शकत नाहीस. जमीन कलली की जे काही त्या जमिनीवर आहे ते सगळं घरंगळणार. आणि तो चेंडू कडक नाही, आत हवा भरलेल्या फुग्यासारखा आहे. कॉलेजात असताना मी असला एक मऊ गोळा प्रोग्रॅम करायचा प्रयत्न केला होता. गोलावर वीस पंचवीस बिंदू ठेवायचे, शेजाऱ्या शेजाऱ्यात स्प्रिंग, आणि आतून बाहेर दाब. दाब कमी ठेवला की गोळा भाकरीसारखा जमिनीवर पसरतो, जास्त ठेवला की टणक होऊन उसळत बसतो, आणि स्प्रिंग जरा ताठ केल्या की अख्खं प्रकरण फुटून बिंदू स्क्रीनबाहेर जातात. माझं दर दुसऱ्या उडीला फुटायचं. त्यामुळे २००६ च्या हातात मावणाऱ्या मशीनवर असे वीस गोळे एकमेकांवर चढताहेत, दबताहेत, नळीतून जाताना लांबुळके होताहेत, आणि वर प्रत्येकाला तोंड आहे आणि ते गातंय, हे बघून मला रडू यायचं बाकी होतं.

दुसरं म्हणजे त्याची चित्रं. स्क्रीन किती, ४८० बाय २७२. पण कुठेही कडा करवतीसारख्या दिसत नाहीत. कारण जमीन आणि गोळे बरेचसे वक्ररेषांनी काढलेत, पीएसपीच्या ग्राफिक चिपला तशा रेषा थेट काढता येतात, बाकीच्या गेमवाल्यांनी ती सोय फारशी वापरलीच नाही. म्हणूनच पीपीएसएसपीपी एमुलेटरच्या (पीएसपीचे गेम फोनवर, कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये स्प्लाइन आणि बेझिए वक्रांची क्वालिटी असा एक वेगळा पर्याय दिसतो. बहुतेकांनी तो कधी हलवलेला नसतो. लोकोरोकोला तो हलवून बघा, लो वर टेकड्या दगडासारख्या कोनेरी होतात, हाय वर लोण्यासारख्या. जुन्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर बाकी जड जड गेम चालायचे आणि हा साधा दिसणारा गेम रडायचा, त्याचं कारण हेच.

गेमर_गण्या_००७

तात्या रॉम ची लिंक द्या ना

संपादक_मंडळ

रॉमची (गेमच्या फाइलची) लिंक मागू नये, देऊ नये. दोन प्रतिसाद काढले आहेत. स्वतःच्या यूएमडीबद्दल खुशाल बोला.

अण्णा_अकलूजकर

तात्यांचं सगळं मान्य. तंत्र उत्तम. चित्रं उत्तम. आजींना जमलं, आनंद आहे. पण माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. खेळ म्हणून तो वाढत नाही. मारिओच्या कुठल्याही गेममध्ये दर दोन स्टेजला नवीन काहीतरी शिकवतात आणि मग त्यावर परीक्षा घेतात. इथे मोजाला खालून धडक मारायची हे पहिल्या तासात कळतं, नंतर नवीन काय? चिकट भिंत, वारा, गुदगुल्या करणारी जनावरं. हे सगळं तुमच्यासोबत घडतं, तुम्ही काही करत नाही. बऱ्याच ठिकाणी तर गोळा घसरगुंडीत पडतो आणि दहा सेकंद तुम्ही नुसते प्रेक्षक.

आणि अजून एक राग आहे, तो कुणी काढत नाही. मागे जाता येत नाही. एक फळ (ते खाल्लं की एक गोळा वाढतो, स्टेजला एकूण वीस करायचे) राहिलं असं कळतं तोवर घसरगुंडीतून खाली आलेलो असतो. मग सगळी स्टेज परत पहिल्यापासून. १९/२० वर स्टेज संपणं हा त्या गेमने केलेला अपमान आहे.

रात्रपाळी

१९/२० वाला राग मात्र शंभर टक्के मान्य अण्णा. एक हरवलेला असतो आणि तुम्हाला माहीत असतं तो कुठे राहिला, तिथे तो एकटाच काट्याजवळ बसलाय. मी मोठा गोळा फोडला की नेहमी साबुदाण्याची पिशवी फुटल्यासारखं व्हायचं, अठरा एकीकडे, एक गेला फटीत, एक मोजाच्या तोंडात.

चिन्मयी_के

पण अण्णा तोच तर गेम आहे ना? नुसतं शेवटपर्यंत पोचणं म्हणजे तुम्ही म्हणता तसं सोपंच आहे, पोरंसोरं करतात. वीसच्या वीस आणि तिन्ही मुईमुई घेऊन पोचणं हा खरा गेम, आणि वर वेळ पण मोजतात. त्या झोपलेल्या चेहऱ्यांपाशी ठरावीक संख्येने गोळे नेले तरच ते सगळे मिळून गातात आणि काहीतरी उघडतं, चौदाच असतील तर नुसतं तोंडाकडे बघत बसा. तेव्हा कळतं की वाटेत जे दोघे मोजाने नेले त्यांच्याकडे मी किती सहज दुर्लक्ष केलं होतं.

गेमचे दोन स्वभाव आहेत. सोपा म्हणून खेळलात की पाळणा, नीट खेळलात की पाळण्याला काटे.

जपानी_झुणका

ह्यावर मी मधला माणूस. अण्णांचं एक बरोबर आहे, आणि ते बनवणाऱ्यांना पण कळलं असावं, कारण २००८ च्या दुसऱ्या भागात पोहणं आलं, दाताने धरून लटकणं आलं, तालावर बटण दाबायचे छोटे खेळ आले. म्हणजे हाताला काम दिलं. खेळ म्हणून दुसरा भाग जास्त भरलेला आहे. पण मला पहिलाच आवडतो. दुसऱ्यात सारखं कुणीतरी काहीतरी सांगत असतं, इथे जा, हे कर. पहिल्यात शांतता होती.

आणि मग २००९ मध्ये लोकोरोकोचाच तो मिडनाइट कार्निव्हल आला, नुसता डाउनलोडचा. बोइंग बोइंग उसळत जायचं, चुकलं की मेला. अण्णा, कठीण पाहिजे होता ना, तो घ्या. मी चौथ्या का पाचव्या स्टेजला मशीन गादीवर फेकलं होतं (गादीवर, कारण पैसे माझे होते).

मराठवाडी_गडी

कार्निव्हल लै वंगाळ. त्याच्यापेक्षा शेतात ट्रॅक्टर रिव्हर्स घेनं सोपंय

अण्णा_अकलूजकर

कार्निव्हल खेळलोय. तो कठीण नाही, तो खडूस आहे. फरक आहे. झुणका, दुसऱ्या भागाबद्दल तुमचं माझं जमलं, हा दिवस लिहून ठेवा.

नवखा_नितीन

हा लहान मुलांचा गेम आहे की मोठ्यांचा? एक घाव दोन तुकडे सांगा. भाच्याला द्यायचा आहे.

टेक_तात्या

त्या वर्षी, म्हणजे २००६ ला, बाफ्टावाल्यांनी (ब्रिटनमधले पुरस्कार) ह्याला मुलांचा सर्वोत्तम गेम आणि सर्वोत्तम पात्र अशी दोन बक्षिसं दिली होती. त्यामुळे कागदोपत्री मुलांचा. इथे मात्र आत्तापर्यंत एक ६५ च्या आजी, एक नाइट शिफ्टवाला आणि एक अण्णा एवढे सापडलेत. भाचा किती वर्षांचा?

नवखा_नितीन

सात

टेक_तात्या

दे. फक्त एल आर तपासून दे.

खोडकर_मुंगूस

चार दिवसांनी उगवतोय, माफी. अपडेट देतो.

बॅटरी मागवली ऑनलाइन. लिहिलं होतं सगळ्या मॉडेलला चालते. आली ती जुन्या जाड मॉडेलची १८०० एमएएच वाली, माझं ३००० बारीक, त्यामुळे बॅटरी बसते पण झाकण बसत नाही. सध्या मागे निळी इन्शुलेशन टेप. चिरंजीवांना ते फार आवडलंय, त्यांच्या मते हे स्पेशल एडिशन आहे.

आणि अण्णा, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवून मुद्दाम परत खेळलो, पोराला बाजूला घेऊन. माझं निरीक्षण असं. मी खेळताना फिनिशकडे बघतो, म्हणून घसरगुंडीत दहा सेकंद मी प्रेक्षक होतो आणि कंटाळतो. पोरगा खेळताना गोळ्याचं तोंड बघतो. घसरगुंडीत गोळा ताणला जातो, तोंड वाकडं होतं, तो ओरडतो, पोरगा त्याच्यासोबत ओरडतो, खाली आपटलं की दोघे गप्प. आणि एका ठिकाणी त्याने वीस गोळे फोडून नुसते एका खोलगट जागेत सोडले आणि जमीन इकडून तिकडे, इकडून तिकडे, पाच मिनिटं. म्हटलं अरे पुढे चल. तर म्हणे थांबा बाबा ते झोका खेळतायत. वेळ ११ मिनिटं झाली त्या स्टेजला. माझा रेकॉर्ड तीन मिनिटांचा होता, २००९ सालचा, अजून सेव्ह आहे. कोणाचं बरोबर ते मला सांगता येत नाही पण बघायला त्याचाच गेम जास्त चांगला वाटत होता.

ता.क. तो तिसरा मुईमुई अजून सापडलेला नाही. कुणीतरी सांगा रे.

चिन्मयी_के

आईला विचारलं. आईने विचारलं स्टेज सुरू झाली की ते काय करतात? म्हटलं काय करणार, उजवीकडे पळतात सगळे. तर आई म्हणते "आधी डावीकडे जा म्हणावं. घर सोडताना मागे वळून बघायची सवयच नाही कुणाला."

शिवाय ती म्हणते जिथे भिंत आहे असं वाटतं तिथे जाऊन जरा रेटून बघा, काही भिंती नुसत्या दिसायला असतात.

अण्णा_अकलूजकर

आजींना नमस्कार सांगा. त्यांनी कार्निव्हल खेळू नये.

खोडकर_मुंगूस

सापडला!!! डावीकडे. भिंतीच्या आत. बसला होता तिथे आरामात, २००९ पासून.

चिरंजीव विचारतायत त्या आजी पुढच्या स्टेजचं पण सांगतील का, तिथे १९ झालेत.